वीतभर अंतर

विमानाचा मार्ग आखायचा, वारा बघायचा, इंधन किती भरायचं ते ठरवायचं, ही माझी नोकरी. सरळ सांगायचं तर लोकांना पोचवायची हमाली. आणि माझ्याच आईला व्हिसाच्या खिडकीतल्या त्या गुळगुळीत माणसाने आठवडाभर लटकवलं! तिकडे ताईचे दिवस भरलेले. पहिलं बाळ गेलेलं. "आई आल्याशिवाय मी आत जाणार नाही," असं डॉक्टरलाच बजावून बसलेली.

व्हिसा मिळाला तशी आईला ऑफिसातल्या भिंतीवरचा नकाशा दाखवला. तिने आमच्या शहरावर अंगठा टेकला, करंगळी ताणली, ती बरोब्बर ताईच्या शहरावर.

"वीतभर तर आहे! अकरा तास कशाला रे लागतात?"

"मधे समुद्र आहे, आई."

"असेना का. मी आलेच म्हणून सांग तिला."

शेजारच्या टेबलावरचा टकल्या खो खो हसला. "काकूंनाच पायलट करा. इंधन वाचेल."

सकाळी विमान उडालं. दुपारी डबा उघडतोय, तोच संगणकावर दाजींचा व्हिडिओ कॉल.

"मुलगी! मामा झालास, लेका!"

घामाने चिंब ताई हसत होती, रडत होती. बाळाने असा टाहो फोडला की मी खुर्ची ढकलून नाचलो. टकल्यापण नाचला.

"आई कुठवर आली विचारणार होतो," दाजी म्हणाले, "तर बाई दारात हजर! वेळ नीट कळवता येत नाही तुला? कसली रे नोकरी करतोस?"

कॅमेरा फिरला. खाटेशी आई. सकाळचीच हिरवी साडी. मांडीवर बाळ.

"नाक मामावर गेलंय," आई म्हणाली. "बिचारी!"

सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता नजर दुसऱ्या पडद्यावर गेली. आईचं विमान समुद्राच्या मधोमध. चहूकडे पाणी.

कॅप्टनला संदेश टाकला: आई जागेवर आहे का बघा. कारण दिलं नाही. वेडा ठरून नोकरी घालवायची नव्हती.

उत्तर आलं: 'खिडकीशी झोपल्यात. हाक मारली. हुं म्हणाल्या.'

मी कुणाला काही बोललो नाही. का बोलू? किती वर्षांनी हसत होती माझी बहीण! हिशेब गेले खड्ड्यात. टकल्याने मिठाई आणली, आम्ही अख्ख्या मजल्यावर वाटली.

संध्याकाळी ताईने पुन्हा कॉल लावला. बाळ दिसत नव्हतं, पण मागे कुणीतरी त्याला अंगाई म्हणत होतं. आवाज आईचा.

माझा मोबाईल वाजला.

"उतरले बाई एकदाची." फोनमागे सामानाच्या पट्ट्याची घरघर. "पाय आखडलेत नुसते. ताई थांबलीये ना माझ्यासाठी?"

मी संगणकाकडे पाठ फिरवली.

"मुलगी झाली, आई."

ती ओरडली नाही. हळूच गुणगुणू लागली.

तीच अंगाई. तीच ओळ.

फोनवरची आणि पडद्यामागची, दोघी एकाच शब्दापाशी श्वास घेत होत्या.