आबांची नजर

"मी आत येणार नाही. आबांना बाहेर पाठवा."

दारात उभी राहून नणंद एवढंच बोलली, आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या वहिनीने हातातला कप बशीत ठेवून दिला. पाच वर्षं! पाच वर्षांत बेबीने या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता... जिच्या शाळेच्या वेण्या वहिनीने घातल्या, जिच्या प्रत्येक परीक्षेला हिच्याच जिवाला घोर लागायचा, ती मुलगी शिकूनसवरून इंजिनियर झाली, एका लेकीची, चिमणीची, आई झाली, आणि आज दारातून परक्या बाईशी बोलावं तशी "पाठवा" म्हणत होती. एके काळी हीच बेबी "वहिनी, अगं ऐक ना" म्हणत तिच्या पदराला लोंबकळायची.

"निदान पाणी तरी घे," वहिनी म्हणाली.

"नको. उशीर होतोय. आज तलावावर आमच्या पट्ट्यांची चाचणी आहे, तुम्हाला माहीतच असेल. चिमणी पाण्यात उतरणार आहे."

"चिमणी? पाण्यात?"

"डॉक्टर म्हणतात, पोहण्याने तिचा डावा हात सुधारेल. आणि माझ्या यंत्रावर माझाच विश्वास नसेल, तर लोकांनी का ठेवावा? तिच्यावर लक्ष आबा ठेवतील." बेबीने मान वळवली. "तुम्ही तुमच्या चाव्यांच्या खिडकीतच बसा म्हणजे झालं. काठावर येऊ नका."

वहिनीच्या काळजात चर्र झालं. ते शब्द लागले म्हणून नव्हे. तसले शब्द पचवायची तिला सवय झाली होती. चिमणीवर लक्ष... आबा ठेवणार?

टेबलापाशी बसलेले आबा मात्र लहान मुलासारखे हरखले होते. "आलोच गं बेबी! बूट घालतो आणि आलोच!" असं म्हणत त्यांनी पाण्याच्या पेल्यासाठी हात पुढे केला. पेला होता डावीकडे, हात गेला उजवीकडे. वहिनीने तो पेला त्यांच्या बोटांखाली सरकवला, रोज सरकवायची तसाच.

आबांना दिसत नव्हतं. समोरचा पुसट उजेड तेवढा कळायचा. आणि ही गोष्ट डॉक्टर सोडले तर साऱ्या जगात दोनच माणसांना ठाऊक होती, एक आबा आणि दुसरी ही सून.

शहरातल्या सार्वजनिक जलतरण तलावावर आबांनी सारी हयात जीवरक्षक म्हणून काढली होती. उंच खुर्चीवर बसून, गळ्यात शिट्टी अडकवून, डोळ्यांत तेल घालून त्यांनी पाणी राखलं. वहिनीला पोहायला त्यांनीच शिकवलं, आणि ते निवृत्त झाले तेव्हा त्या खुर्चीवर सूनच बसली. "माझी सून आहे, पण पाण्यात माझा मुलगाच समजा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. ज्याला सांगायचे तो हसायचा, कारण खरा मुलगा जहाजावर नोकरीला असूनही त्याला बादलीभर पाण्याचीसुद्धा धास्ती वाटायची!

तलावावरच्या जीवरक्षकांची एक रीत होती. पहारा सोडताना खांद्याला हात लावून सोडायचा, आणि घेणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "नजर माझी." तेवढं ऐकल्याशिवाय कोणी पाण्याकडे पाठ फिरवायची नाही. पाच वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी उथळ भागात चिमणी खेळत होती आणि खोल बाजूला एका माणसाच्या पायात गोळा आला. वहिनी खुर्चीवरून उतरली. काठाच्या बाकावर आबा बसलेले. तिने त्यांच्या खांद्याला हात लावला आणि आबा नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "नजर माझी! जा तू!"

ती गेली. त्या माणसाला काठाला लावलं, मागे वळली... आणि चिमणी दिसेना.

आबा होते तिथेच बसले होते. पाण्याकडेच पाहत होते. आणि त्यांच्या डाव्या हाताला, चार पावलांवर, त्यांची नात तळाशी निपचित पडली होती!

वहिनीनेच तिला वर काढलं. तिनेच छाती दाबून, तोंडाने वारा भरून तो इवलासा जीव परत आणला; डावा हात तेवढा अधू राहिला. पण हे कोणाला आठवणार? इस्पितळात बेबी सगळ्यांदेखत किंचाळली होती, "तुझी ड्यूटी होती ना? तुझी मुलगी असती तर गेली असतीस सोडून?" वहिनीला मूल नव्हतं. तो घाव नेमका कुठे बसला हे बेबीला कळलंही नसेल. किंवा कळलं असेल, आणि म्हणूनच घातला असेल. दुःखात माणूस काय बोलेल याचा नेम नसतो.

पुढच्याच आठवड्यात वहिनी आबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. काचबिंदू. बाजूचं दिसणं केव्हाच गेलेलं, समोरचा मधला तुकडा तेवढा उरलेला. पेपर वाचता यायचा, म्हणून घरात कोणाला शंका आली नाही. आबांना मात्र आली होती. अभिमानापायी त्यांनी ती गिळली होती. दवाखान्याच्या जिन्यात ते मटकन खाली बसले आणि तिचे दोन्ही हात धरून रडले. "बेबीला सांगू नकोस गं! आई गेल्यापासून तिला माझाच आधार आहे. मी तिच्या लेकीला... हे कळलं तर ती माझं तोंड पाहणार नाही."

वहिनीने शब्द दिला, आणि पहारा आबांनी घेतला होता हेही कोणाला कळू दिलं नाही. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही निर्दोष म्हणवत नव्हतं, कारण निवृत्त माणसाकडे पहारा सोपवणं नियमाबाहेरचंच होतं. तिची खुर्ची गेली. तिला चाव्यांच्या खिडकीत बसवण्यात आलं. लॉकरची चावी द्यायची, ओली चावी परत घ्यायची, आणि काचेपलीकडच्या पाण्याकडे पाहत राहायचं.

हळूहळू आबांच्या नजरेचा तो मधला तुकडाही गेला. बेबी आबांना घ्यायला फाटकापर्यंत यायची, तेव्हा वहिनी त्यांना हाताला धरून तिथवर न्यायची आणि गाडी दिसली की हात सोडून द्यायची. बेबीला वाटायचं, म्हातारपण आहे, चष्मा बदलायला झाला असेल. दोघांनी मिळून हे नाटक पाच वर्षं चोख वठवलं होतं!

आता बेबी गाडीकडे गेली तशी आबांच्या बुटाची नाडी बांधायला वहिनी खाली बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आबा, सांगा तिला. आज तरी सांगा."

"काही होत नाही. मनगटावर घड्याळ बांधणार आहेत. पोर बुडायला लागलं की ते थरथरतं म्हणे. यंत्र पाहील की!"

"यंत्र हाक मारेल आबा, बघायचं तुम्हालाच आहे."

आबांचा चेहरा केविलवाणा झाला. "तिने पुन्हा ते पोर माझ्या हवाली केलंय गं... माझ्या! एकदा तरी मला ते नीट करू दे."

वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "स्वतःसाठी मी पाच वर्षं गप्प बसले. चिमणीसाठी नाही बसणार. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

आबा चाचपत उठले. फाटकाबाहेर हॉर्न वाजला.

तलावावर नुसती झुंबड उडाली होती. पोहायला येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला एक निळा रबरी पट्टा बांधला जात होता. पट्ट्यात नखाएवढी दोन यंत्रं. माणूस पाण्याखाली किती खोल आहे हे एकाला कळायचं, तो हालचाल करतोय की नाही हे दुसऱ्याला. फार वेळ खाली राहिला आणि हालला नाही की पट्टा पाण्यातूनच भिंतीतल्या खोक्यांना खूण पाठवायचा, आणि जीवरक्षकांच्या मनगटावरची घड्याळं थरथरून त्या पट्ट्याचा आकडा दाखवायची. लहान मुलांसाठी घरातल्या एका मोठ्या माणसाच्या हातातही तसंच घड्याळ. आकडा दिसताच त्याने बटण दाबायचं आणि बोटाने दाखवायचं, कोण ते.

पट्टे वाटायचं काम वहिनीच्याच खिडकीत आलं होतं. रोज सकाळी येणारे एक गलेलठ्ठ वकीलसाहेब पट्टा बोटाच्या चिमटीत धरून कुरकुरले, "वहिनी, आता आम्हाला गुरांसारखे बिल्ले का?"

"तुमच्यासाठी नाही हो, तुम्ही बुडणार आहात थोडेच? तुम्ही उडी मारल्यावर बाकीच्यांसाठी!"

वकीलसाहेब खो खो हसत गेले. वहिनी हसली नाही. काचेपलीकडे बेबी आबांच्या मनगटावर घड्याळ बांधत होती, आणि चिमणी एकेक पायरी उतरत पाण्यात चालली होती. अकरा वर्षांची झाली होती आता. डाव्या हाताची बोटं अजून जरा हट्टी, पण चेहऱ्यावर काय आनंद! पाणी कमरेपर्यंत आलं तशी ती चीत्कारली. आबा त्या आवाजाच्या रोखाने हसत होते. पण त्यांचे डोळे भलतीकडेच, कोरड्या फरशीवर लागले होते.

वहिनीला राहवेना. खिडकी उघडीच टाकून ती काठाकडे निघाली.

"बेबी, थांब. मला तुझ्याशी बोलायचंय. आत्ता!"

"तुम्हाला सांगितलं होतं ना, काठावर येऊ नका म्हणून!" बेबीचा आवाज तापला. "जरा थांबा. तालीम सुरू होतेय."

खोल बाजूला एका जीवरक्षकाने पट्टा बांधलेला एक जड बाहुला गुपचूप पाण्यात सोडला होता. ही तालीम आबांना सांगितलेली नव्हती. बापाच्या नजरेवर बेबीचा इतका विश्वास, की त्यांना आधी सांगणं तिला अपमान वाटला असता!

घड्याळं थरथरली. जीवरक्षकाने आकडा पाहिला, सूर मारला आणि बाहुला वर आणला. यंत्राने आपलं काम बिनचूक केलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आबांना त्या टाळ्या ऐकूच आल्या नाहीत. त्यांनी घड्याळ डोळ्यांना भिडवलं, दूर धरलं, पुन्हा भिडवलं. आकडा दिसेना. चिमणीचा आवाजही येईना, कारण तीही बाहुल्याकडे पाहत गप्प उभी होती. आणि टाळ्या थांबतात न थांबतात तोच आबांच्या तोंडून अशी आरोळी फुटली की सगळा तलाव जागच्या जागी थिजला.

"चिमणी! सूनबाई... धाव गं सूनबाई! चिमणी गेली!"

हात पुढे करून ते सरळ चालत सुटले, आणि काठ संपला हे त्यांना कळलंच नाही.

वहिनी अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात झेपावली. तिने त्यांना बगलेत धरून वर घेतलं. कमरेएवढं पाणी होतं, पण आबा बुडत्यासारखे तिला घट्ट बिलगले होते आणि पुन्हा पुन्हा विचारत होते, "सापडली का? सांग ना, सापडली का?"

"आबा, मी इथे आहे!" चिमणी पाण्यातून वाट काढत आली आणि तिने त्यांचा गाल धरला. "मला काही नाही झालं. तो बाहुला होता!"

त्यांनी चाचपून तिचं तोंड पाहिलं. नाक, कान, कपाळावरचा पट्टा. मग त्यांना हुंदका आवरेना.

काठावर गुडघे टेकून बसलेल्या बेबीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आबा... तुम्हाला दिसत नाही?"

"नाही दिसत पोरी. त्या दिवशीही दिसलं नव्हतं." आबा म्हणाले. "पहारा मी घेतला होता. 'नजर माझी' म्हणून हिच्याकडून घेतला होता. चिमणी माझ्या शेजारी बुडाली आणि मी पाण्याकडे बघत बसलो होतो! ही बोलली नाही, कारण मी हिचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते. शिक्षा माझी होती बेबी... भोगली हिने."

बेबीने वहिनीकडे हात पुढे केला. "वहिनी... का नाही सांगितलंस मला? एकदा तरी सांगायचंस गं!"

आणि इतकी वर्षं बांधून ठेवलेला वहिनीचा बांध फुटला. "आणि तू? तू एकदा तरी विचारायचं होतंस! तुझ्या वेण्या घातलेले हात हे... ते तुझ्या लेकीला सोडून देतील, असं तुला वाटलंच कसं? आबांचा मला राग नाही आला. तुझा आला. रोज आला!"

बेबी तशीच, बूटमोज्यांसकट, पायरीवरून पाण्यात उतरली आणि वहिनीच्या गळ्यात पडून लहानपणी रडायची तशी मोठ्याने रडली. "चुकले गं... मला मार हवं तर, पण परकी करू नकोस." वहिनीचा हात आधी नुसता लोंबत राहिला. मग कुठे तो वर आला आणि बेबीच्या ओल्या केसांवर टेकला.

वकीलसाहेबांनी नाक शिंकरल्याचा आवाज तेवढा झाला. जीवरक्षकांनी आबांना वर काढून खुर्चीवर बसवून टॉवेल गुंडाळला.

बेबीने डोळे पुसले आणि लेकीला म्हणाली, "चल, बाहेर ये. पुरे आजच्यापुरतं."

"का?" चिमणीने ओठ काढला. "मी अजून पोहलेच नाही! मला मामी शिकवेल."

पाण्याकडे पाहताना बेबीच्या अंगावर सरसरून काटा आला. मग ती आबांकडे गेली, त्यांच्या मनगटावरचं घड्याळ सोडवलं आणि परत येऊन ते वहिनीच्या मनगटावर बांधू लागली. कडी लागता लागेना. वहिनीने दुसऱ्या हाताने ती लावून घेतली.

"हातपाय सैल सोड," वहिनीने चिमणीला पाठीवर आडवं केलं. खाली दोन्ही तळवे धरले. पोर आधी लाकडासारखी ताठ झाली. मग हळूहळू तिची मान मागे टेकली, कान पाण्यात गेले, हट्टी बोटंसुद्धा उलगडली.

"मामी, सोडू नकोस हं!"

"नाही सोडणार, बाळा."

ती पाण्यावर तरंगत होती. वहिनीला तळव्यांवर तिचा भार जाणवेनासा झाला होता, तरी तिने हात काढले नाहीत. काढवेनात. त्या देहाला एकदा तळावरून उचललेले हात होते ते... तिने वर पाहिलं. बेबी शेजारीच कमरेभर पाण्यात उभी होती. दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलेलं, डोळे मात्र लेकीवरून हलत नव्हते.

तिने तोंडावरचे हात खाली घेतले.

"सोड वहिनी," ती म्हणाली. "तू आहेस ना. सोड तिला."