हिसका न देणारं यंत्र

“मी माफी मागणार नाही. आधीच सांगून ठेवते.”

दार उघडल्या उघडल्या मुलीने हे ऐकवलं. भाच्याने पुढे केलेल्या खुर्चीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. केसांत लाकडाचा भुसा होता आणि नाकाच्या शेंड्यावर राग.

“नकोस मागू,” आत्या म्हणाली. “पण कशाची, ते तरी कळू दे.”

आत्या खासगी तपासाची कामं घ्यायची. भाचा चाळिशीचा, विमा कंपनीला कंटाळून बाहेर पडलेला. तो तिची गाडी चालवायचा आणि तिच्याआधी चुकीचे निष्कर्ष काढायचा. या दुसऱ्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

मुलीने उभ्या उभ्याच सांगितलं. वडिलांचा सुतारकामाचा कारखाना होता. काल दुपारी ती राऊटरने, म्हणजे लाकडात खाचा पाडणाऱ्या हातातल्या मशीनने, एका मोठ्या टेबलाच्या फळीवर काम करत होती. मध्येच लाईट गेली. तिने बटण बंद केलं, मशीन फळीवर आडवं ठेवलं आणि ती जेवायला गेली. परत येऊन बघते तर फळीच्या मधोमध नांगर फिरवल्यासारखा खोल चर.

“बाबा म्हणतात, मी बटण चालूच ठेवून गेले. लाईट आली, मशीनने हिसका दिला, ते उसळलं आणि फळीवर सुटलं. सगळ्यांसमोर म्हणाले, माफी माग आणि यापुढे मशीनला हात लावायचा नाही. पण मी बटण बंद केलं होतं! चुकले असते तर चुकले म्हणाले असते. मला दुसरं काम येत नाही आणि शिकायचंही नाही.”

“मशीन कोणाचं?”

“माझं. मी पसंत करून आणलंय. बाबा अजून त्यांचं जुनंच वापरतात.”

आत्याने पर्स उचलली. “चल रे,” ती भाच्याला म्हणाली. “आणि तिथे तोंड मिटून बस.”

कारखान्यात मालक चहा पीत होते. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं मुळापासून नव्हती. उरलेल्या तीन बोटांत कप इतका सहज बसला होता की भाच्याच्या ते उशिरा लक्षात आलं.

“गुप्तहेर आणलेत पोरीने!” मालक म्हणाले. “घरची लक्तरं वेशीवर टांगायची तेवढी राहिली होती.”

“टांगलेली लक्तरंच वाळतात, मालक,” आत्या म्हणाली आणि सरळ फळीकडे गेली.

चर काठापासून वीतभर आत सुरू होत होता. सुरुवातीपासूनच पूर्ण खोल, कडा स्वच्छ, कुठे जळल्याचा डाग नाही. फळीच्या एका काठाला काल सकाळी पॉलिशचा पहिला हात दिलेला होता, आणि चराच्या अगदी समोर त्या ओल्या पॉलिशवर काहीतरी दाबलं गेलं होतं. जाड्याभरड्या कापडाची वीण तिथे उमटली होती. मांडीच्या उंचीवर.

“एप्रन!” भाचा ओरडला. “गुन्हेगाराने एप्रन घातला होता!”

“इथे कामाला चौघंच, आणि चौघंही तोच एप्रन घालतात,” आत्या म्हणाली. “तोंड मिटून बस म्हटलं होतं ना?”

मागच्या फडताळात मालकांचं जुनं राऊटर होतं. काळं, बोजड, बटण डोक्यावर. मुलीचं मशीन त्याच्या शेजारी अगदी नवरीसारखं दिसत होतं. त्याचं बटण धरायच्या मुठीच्या पोटात लपलेलं होतं.

चौघांतला पहिला पॉलिशवाला. तो काल दुपारी पलीकडच्या खोलीत होता.

“काय ऐकलंत?” आत्याने विचारलं.

“लाईट आली. मग मशीन लागलं. आधी ऊंऽऽ करत आवाज चढला. मग जरा वेळ एका सुरात चालला. मग जड झाला, घरघरला. म्हटलं, ताई जेवून आली असेल. माझे हात पॉलिशमध्ये, मी कशाला बघायला जातोय?”

“ते मशीन उचलून दाखवता?”

“बाई, माझा खांदा धरलाय. ब्रश उचलतो तेच उपकार.” त्याने उचलून बघितलं. मशीन वीतभर वर आलं आणि त्याच्या तोंडून शिवी बाहेर पडली.

दुसरा, मालकांचा थोरला जावई. गिऱ्हाइकांशी गोड बोलणं हे त्याचं काम. मेव्हणी बाजूला झाली तर पुढेमागे कारखाना त्याच्याच हातात येणार, हे भाच्याने केव्हाच हेरलं होतं. मनातल्या मनात त्याने जावयाला बेड्याही घातल्या.

“तुम्हीसुद्धा चालू करून दाखवा,” आत्या म्हणाली. “त्या टाकाऊ फळकुटावर.”

जावयाने मशीन हातात घेतलं, फिरवलं, उलटं केलं. “याला बटण कुठंय?” शेवटी मुलीने दाखवलं; मालक तिकडे पाठ करून चहा संपवत होते. मशीन सुरू होताच त्याने ते असं लांब धरलं, जणू दुसऱ्याचं रडणारं मूल आहे.

“आता मालक.”

“मी त्या लाडावलेल्या मशीनला कधी हात लावलेला नाही. लावणारही नाही.”

“मग उसळतं कसं, ते आम्हाला कळणार कसं?”

मालक फणकाऱ्याने उठले. मशीन घेतलं, मांडी टेबलाच्या काठाला घट्ट टेकवली, खांदे आवळले. खाली न बघताच मूठ वळली, ऊंऽऽ करत मशीन लागलं.

“असं मांडीच्या जोरावर दाबून धरावं लागतं,” ते आवाजावर ओरडले. “नाहीतर उसळलंच म्हणून समजा! पोरीला हे जमायचं नाही.”

शेवटी मुलीने चालू केलं. ती काठापासून लांब, दोन्ही पाय रोवून सरळ उभी होती. हात सैल. भाच्याला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही, म्हणून त्याने जांभई दिली.

“झालं,” आत्या म्हणाली. “सगळे इकडे या.”

भिंतीवरचा मुख्य खटका बंद करून तिने मशीन फळकुटावर आडवं ठेवलं, बटण चालू केलं आणि भाच्याला तो खटका पुन्हा दाबायला सांगितलं. जावई दोन पावलं मागे सरला. खटका पडला. ऊंऽऽ करत आवाज हळूहळू चढला, मशीन किंचित थरथरलं आणि जिथे होतं तिथेच पडून राहिलं.

“कुठे उसळलं?” आत्याने ते बंद केलं. “यात सॉफ्ट स्टार्ट आहे. मोटर एकदम धाव घेत नाही, गती चढवत नेते, म्हणून हिसका बसत नाही. हिसक्याची गोष्ट ज्याने रचली, त्याला जुनी मशीनंच ठाऊक होती.”

तिने चरावरून बोट फिरवलं.

“पॉलिशवाले काय म्हणाले? आवाज चढला, एका सुरात चालला, मग जड झाला. म्हणजे पूर्ण गती येईपर्यंत कोणीतरी मशीन हवेत धरलं होतं आणि मग लाकडात उतरवलं. म्हणून चराची सुरुवात इतकी स्वच्छ. हात मुरलेला. जावईबापूंना बटणच सापडेना. पॉलिशवाल्यांना मशीन पेलेना.”

“मग हीच!” भाचा म्हणाला.

“ही सरळ उभी राहते. पॉलिशवर मांडी टेकवणारा निराळा.” आत्या वळली. “मालक, जुन्याचं बटण डोक्यावर, याचं मुठीच्या पोटात. कधीच हात लावला नव्हता, तर बोट न बघता तिथे कसं गेलं? कालही तुम्ही मांडी टेकवली. हिसका बसला नाही, तो आपण दाबून धरला म्हणूनच, असं तुम्हाला वाटलं.”

“पण आत्या, स्वतःचीच फळी कोण नासवील?”

“ज्याला फळीपेक्षा बोटं मोलाची वाटतात तो.”

मालक खाली बसले. डावा हात त्यांनी सगळ्यांपुढे धरला.

“एका हिसक्यात दोन गेली माझी,” ते म्हणाले. “हिची दहाच्या दहा बघतो आणि घास घशाखाली उतरत नाही. सांगून ऐकत नव्हती. म्हटलं, नाव खराब झालं तर होऊ दे, हात तरी शाबूत राहतील.”

भाच्याला म्हाताऱ्याची दया आली. मुलीला आली असेल तर तिने ती दाखवली नाही.

“भीती तुमची आणि शिक्षा मला?” तिने आवाज खाली आणला नाही. “मशीन धोक्याचं आहे, मला माहीत आहे. म्हणूनच आधी ते शिकले आणि मग हातात घेतलं. हात माझे आहेत, बाबा. ते कशासाठी वापरायचे, मी ठरवणार. सगळ्यांसमोर बोललात, सगळ्यांसमोर मागे घ्या.”

जावई छताकडे बघू लागला. पॉलिशवाल्याने ब्रश खाली ठेवला.

“हिने बटण बंद केलं होतं,” मालक सगळ्यांकडे वळून म्हणाले. “मी खोटं बोललो. हिची काही चूक नाही.”

मुलीने मशीन उचलून त्यांच्यापुढे धरलं. “आता लावा. मांडी न टेकवता.”

“नको गं.”

“लावा, बाबा. मी आहे इथे.”

मालक काठापासून मागे सरकले. सरळ उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले आणि मूठ आवळली. ऊंऽऽ करत आवाज चढला, एका सुरात आला, आणि म्हातारा डोळे मिटून, दात आवळून, हिसक्याची वाट बघत तसाच उभा राहिला.