गिटार आपली नाही म्हणे

अलेप्पोतून मिहरानला तोफांनी घालवलं. इथून तुम्ही, समितीची माणसं, घालवताय. तोफांना निदान आवाज होता. तुम्ही कॉफी पिता पिता, कप खाली न ठेवता, एका वाक्यात काम उरकलंत — 'गिटार हे आपलं वाद्य नाही.'

मी अझनिव. आपल्या आर्मेनियन चर्चच्या गायकवृंदात अगदी शेवटच्या रांगेत, खांबाशेजारी उभी असते ती. पुढच्या रांगा गातात, वर चढतात, खाली उतरतात, लोकांना रडवतात. मी ओठ मिटून एकच सूर धरते. लहानपणापासून हेच. खाली कुणीतरी धरून ठेवल्याशिवाय वरच्याला उडता येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत, आणि मग माझं नाव विचारायचं विसरून गेलात.

परवा याच सभागृहात मी मिहरानसोबत आले, तेव्हा तुम्ही त्याला विचारलंत, 'आणि ही मुलगी तुझी कोण?' तो म्हणाला, 'कुणी नाही.' आज त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला आलेय. जरा लांबलचक आहे. कॉफी गार होईल. होऊ दे.

एप्रिलची संध्याकाळ होती. भुरभुर पाऊस येऊन गेला होता, आणि आमच्या गल्लीवर लोंबणाऱ्या वायरींच्या जाळ्यातून थेंब अजून टपकत होते… एक इथं, एक तिथं. मी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. दातांत लाकडी चिमटा. समोरच्या इमारतीत, एक मजला खाली, कुणीतरी गिटार वाजवत होतं. नवा भाडेकरू. माझ्या जागेवरून त्याचे फक्त हात दिसायचे. लांब बोटं, आणि जाड्या तारेवर सारखा परत येणारा अंगठा — निजलेल्या मुलाला थोपटावं तसा.

धून वर वर चढत होती, आणि खट्कन गल्लीला वीज देणारा हांपिग काकांचा जनरेटर बंद पडला.

बैरूतच्या या आपल्या बुर्ज हम्मूदमध्ये राहणाऱ्याला जनरेटरची घरघर ऐकू येत नाही. थांबली की मात्र ऐकू येते. सगळी गल्ली एकदम पोकळ झाली. आणि समोरची धून… शिडी चढताना खालून कुणी शिडीच काढून घ्यावी, तशी हवेत लटकली.

तेव्हा मला कळलं, याने गिटार जनरेटरच्या सुरात लावलीय.

मी काही ठरवलं नाही. ओठ मिटलेले होतेच. मी तो सूर धरला.

खाली हात थांबले. मग पुन्हा चालू लागले, आधी चाचपत, मग धीटपणे. धून संपेपर्यंत मी चोरून चोरून श्वास घेत राहिले. ती संपली तेव्हा त्याने मान वर केली. दाढी वाढलेली, डोळे झोप न झालेले, आणि त्या सगळ्याला न शोभणारं हसू.

"हा नवा जनरेटर तेल काय खातो?" त्याने विचारलं.

मी बोलायला तोंड उघडलं आणि चिमटा पडला. नेमका त्याच्या गॅलरीत.

"माझा चिमटा द्या."

"जप्त."

"कशाबद्दल?"

"न विचारता माझ्या गाण्यात घुसल्याबद्दल."

"घुसले नसते तर तुमचं गाणं तोंडावर पडलं असतं."

"म्हणूनच जप्त," तो म्हणाला. "म्हणजे उद्याही यावं लागेल."

आतून आई ओरडली, "अझनिव, कोणाशी बोलतेस गं?"

"चिमटा पडला."

"चिमट्याशी इतका वेळ?"

दुसऱ्या दिवशी मी वाण्याकडून पाव घ्यायला दोरीची टोपली खाली सोडली. वर ओढताना ती त्याच्या गॅलरीसमोर क्षणभर अडकली. वर आली तेव्हा पावाच्या शेजारी मूठभर हिरवी आंबट आलुबुखारं होती आणि कागदाच्या पुडीत मीठ. चिमटा नव्हता. तिसऱ्या दिवशी मी टोपलीतून खिमा थापून भाजलेले दोन लहमाजुन पाठवले. त्याचा निरोप वाण्याने गल्लीभर ओरडून दिला, "अझनिव, तो म्हणतोय, तिखट कमी आहे."

आई म्हणाली, "अलेप्पोचेच शोभतात. बुडत्याला हात दिला तर म्हणतील, हात गार आहे."

असं ते वाढत गेलं. वीज गेली की गल्ली शिव्या द्यायची आणि मी केस नीट करून गॅलरीत यायचे. आठवडाभरात हांपिग काकांच्या ध्यानात आलं. जिन्यात गाठून म्हणाले, "पोरी, मशीन बंद पडलं की लोक माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. तू एकटी हसतेस. काय भानगड आहे?"

"काही नाही, काका."

"काही नाहीच असेल. मला आपलं तेल वाचवायचंय. रोज तिन्हीसांजेला थोडा वेळ बंद ठेवीन म्हणतो. तुझी हरकत नाही ना?"

माझी हरकत नव्हती.

त्या थोड्या वेळात… काय सांगू तुम्हाला. अंधार पुरता उतरलेला नसायचा. समोरच्या भिंती निळ्या व्हायच्या, कुणाच्या तरी ओट्यावर वांगी भाजल्याचा वास यायचा, आणि मधल्या वायरींवरून त्याची धून माझ्याकडे चालत यायची, आणि माझा सूर तिच्या पायाखाली जायचा. आम्ही एकमेकांना हातही लावला नव्हता. तरी ती संपली की मला गाल झाकून घ्यावेसे वाटायचे.

एकदा गायनाच्या तालमीनंतर तो चर्चच्या अंगणात थांबला होता. तुतीच्या झाडाखाली बाक आहे ना, तिथं. गिटार मांडीवर, आणि तिच्या माथ्यावर, तारांच्या खुंट्यांजवळ, माझा चिमटा लावलेला.

"आता तरी दे."

"बस आधी. हात दे." त्याने माझा तळवा लाकडावर टेकवला. "आता धर तुझा सूर."

"इथं? लोक बघतील."

"ओठ तर मिटलेलेच असतात तुझे. कुणाला कळणार?"

मी सूर धरला. त्याने तारांना बोटही लावलं नव्हतं, तरी माझ्या तळव्याखाली लाकूड थरथरू लागलं. माझाच सूर, दुसऱ्याच्या छातीतून आल्यासारखा. मी हात काढला नाही. त्यानेही तो काढ असं म्हटलं नाही.

"आजोबा धरायचे असा," तो हळूच म्हणाला. "अलेप्पोला, आमच्या अंगणात. त्यांचं ऊद होतं, तारांचं, गोल पोटाचं. घर पडलं तेव्हा ते ऊदही आत आणि आजोबाही आत… गिटार त्या दिवशी मित्राकडे होती, म्हणून ही वाचली. ही खालची तार मी उतरवली ती त्यांच्या आवाजापर्यंत. म्हटलं, अंगठ्याने आजोबांचा सूर धरावा आणि बाकीच्या बोटांनी माझी धून वाजवावी. जमेना. मग इथं आलो, तर तुमच्या हांपिग काकांचं मशीन अगदी आजोबांच्या सुरात घोरत होतं."

"आणि धून?"

"पणजीची. उर्फाची अंगाई. तुर्कांनी हाकललं तेव्हा चालत आली ना ती, वाळवंटातून. शब्द वाटेत गळले. एवढंच पोचलं."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तुतीची पानं हलत होती, आणि तो गिटारकडे बघत म्हणाला, "तू असं बघितलंस की माझा ठेका चुकतो."

"मग डोळे मिटते."

"नको… चुकू दे."

हा माणूस परवा तुमच्यापुढे बसला होता. रविवारच्या वार्षिक कार्यक्रमात फक्त ही एक धून वाजवू द्या म्हणत होता. तुमच्यातल्या एकाने फोनवरून मान वर केली नाही. दुसरा म्हणाला, हात चांगला आहे, पण लग्नाच्या पार्टीत वाजव. दुदुकसारखी आपली बासरी असती तर बघितलं असतं.

आपलं नाही म्हणे. आपलं काय आहे इथं, सांगा ना. गल्ल्यांची नावं बघा, नोर मराश, नोर अदाना, म्हणजे नवं मराश, नवं अदाना — जळलेली गावं पाठीवर घालून आणली आणि दुसऱ्याच्या दलदलीत उतरवून ठेवली. तुम्ही शिव्या देता तुर्कीत, भाव करता अरबीत, नातवंडांचे लाड करता फ्रेंचमध्ये. हातातली कॉफी तुर्कांची की आपली, यावर तर या गल्लीत मारामाऱ्या झाल्यात. आणि दाखला मागता तो एका लाकडी खोक्याकडे? आजोबांच्या हातचं ऊद ढिगाऱ्याखाली आहे. जे वाचलं, त्यावर तो वाजवतो. आपल्या पणज्यांनी दुसरं काय केलं होतं?

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात. त्याने माझ्याकडे पाहिलं, गल्लीतली तोंडं, माझी आई, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार. तो म्हणाला, 'कुणी नाही. मी एकटाच वाजवतो.'

त्या संध्याकाळी जनरेटर बंद झाला. समोर अंधार. गिटार नाही. मी कठड्यावर वाकून म्हटलं, "मिहरान?"

अंधारातून आवाज आला. "सिडनीहून मामाचा फोन होता. तिथल्या शनिवारच्या शाळेत आपल्या मुलांना गाणं शिकवायला माणूस हवाय. बोलावतोय."

"तू काय म्हणालास?"

"रविवारी सांगतो म्हणालो. जावं म्हणतो. अलेप्पोत आम्ही पाहुणे होतो. इथं मी अलेप्पोवाला. तिथं आणखी काहीतरी असेन. सवय आहे."

"मग जा."

"तू थांब म्हणालीस तर…"

"मी कशी म्हणू? मी कोण? कुणी नाही ना?"

"अझनिव, तुझं नाव त्यांच्या तोंडी जायला नको म्हणून बोललो."

"माझं नाव त्यांना माहीतच नाही, शहाण्या. कसं जाईल तोंडी?"

तो हसला असता एरवी. हसला नाही. खालून हांपिग काकांचा आवाज आला, "पोरांनो, लवकर आटपा, लोक मला मारतील."

मला वाटलं, हा जाणार. उद्या परवा समोरच्या गॅलरीत दुसऱ्या कुणाचे तरी पडदे लागणार, आणि मी खांबाशेजारी उभी राहणार, ओठ मिटून, कायमची. मी तोंड उघडलं आणि गायले.

सूर धरला नाही, त्याची धून गायले. पणजीची अंगाई, शब्दांशिवाय, आ… आ करत. आयुष्यात कधी सुरावट गायले नव्हते. आवाज फाटत होता, वर जाताना घसरत होता, समोरच्या दोन खिडक्या उघडल्या, आई दारात येऊन उभी राहिली. मध्यावर, जिथं ती धून सगळ्यात उंच जाते, तिथं मला वाटलं आता पडते मी.

तेव्हा समोरच्या अंधारातून सूर आला. खालचा. एकच. त्याने गिटारही घेतली नव्हती, गळ्यातून धरला होता. जाडसर, थोडा कापरा, आजोबांसारखा असेल कदाचित. मी त्याच्यावर पाय ठेवला आणि वर गेले.

संपलं तरी हांपिग काकांनी मशीन चालू केलं नाही.

"फार बेसूर होतं?" मी विचारलं.

"फार," तो म्हणाला. "जन्मभर ऐकायला तयार आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मला जायचं नाही गं. माझा जीव आहे तुझ्यावर. पण मला लपून राहायचंही नाही. बॉम्ब पडत होते तेव्हा पुष्कळ लपलो. कुणीतरी चारचौघांत म्हणायला हवं की हा आपला आहे."

"मी म्हणते."

"तू गॅलरीतून म्हणतेस."

माझ्या मागून आई म्हणाली, "जा बाई, त्यांच्यापुढे जाऊन म्हण. नाहीतर या गल्लीत कुणी झोपायचं नाही." आणि मग, जरा थांबून, समोर बघत, "आणि तू रे, उद्या जेवायला ये. तिखट तुझ्या हाताने घाल."

म्हणून आलेय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. मी त्याची आहे. तो माझा आहे. आणि म्हणून, तुम्हाला आवडो न आवडो, तो तुमचाही आहे, कारण मी तुमचीच आहे ना? की शेवटच्या रांगेतलं कुणी तुमचं नसतं?

रविवारी तो त्या मंचावर वाजवेल. मी त्याच्या शेजारी बसेन, खांबाशेजारी नाही. कधी तो सूर धरेल, कधी मी. त्याच रात्री तो मामाला फोन करणार आहे. काय सांगायचं हे तुमच्यावर आहे, त्याच्यावर नाही. दुसऱ्यांदा देशोधडीला लागला, तर या वेळी कुणी लावलं ते सगळी गल्ली सांगेल.

आता जरा गप्प बसा आणि कान द्या.

ऐकू येतंय? दाराबाहेर, पायरीवर. एकच तार, परत परत… तो माझ्यासाठी सूर धरून बसलाय, मी बोलायला लागले तेव्हापासून. तुमचं उत्तर येईपर्यंत थांबणार नाही म्हणालाय.

कप खाली ठेवा आणि सांगा. दार उघडू का?