चाळीस वर्षांच्या चाळीस पाट्या

"माझ्या तरुणपणी सुरमई माझ्याएवढी लांब असायची," असं धोंडूआजोबा म्हणायचे आणि बंदराचा अख्खा धक्का हसायचा. त्यांची नात मयुराही हसायची. आजोबांना जाऊन महिना झाला, पण ते हसणं तिला माशाच्या काट्यासारखं सलत होतं.

आजोबा मासळीचे शास्त्रज्ञ. २०२१ ते २०६०, चाळीस वर्षं त्यांनी धक्क्यावर उतरलेल्या प्रत्येक सुरमईची लांबी नोंदवली. नऊ लाख नोंदी. विणीच्या दिवसांत दोन महिने सुरमईची जाळी बंद ठेवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. आज संध्याकाळी मच्छीमार सोसायटी त्यावर निर्णय घेणार होती. पण चेअरमन जयरामकाकांनी सकाळीच, नोंदी सांभाळणाऱ्या 'मापाडी' या यंत्रमानवाला एक प्रश्न विचारला.

"सगळ्यात मोठी सुरमई केवढी?"

"एकशे एक्याऐंशी सेंटिमीटर."

"झालं तर. एवढा मासा आहे आपल्या दर्यात. म्हाताऱ्याला उगाच घोर."

हे कानावर आल्यावर दुपारी मयुरा मापाडीकडे गेली. "ती सुरमई कधीची?"

"२०२२ची."

म्हणजे एका जुन्या माशाआड पुढची सगळी वर्षं दडली होती. "मला दर वर्षाची सर्वांत मोठी हवी. नऊ लाख नोंदी क्रमाने लावायच्या?"

"गरज नाही. चाळीस पाट्या, म्हणजे मासळीच्या टोपल्या मांड, वर्षाला एक. हे झाले गट (एकाच वर्षाच्या नोंदी एकत्र). एकेक नोंद उचलायची, तिच्या वर्षाच्या पाटीत डोकावायचं. पाटी रिकामी असेल तर मासा ठेवायचा. आत मासा असेल तर दोघांतला मोठा ठेवायचा, दुसरा सोडायचा. शेवटी पाटीत उरतं ते त्या गटाचं महत्तम मूल्य (सर्वांत मोठा आकडा)."

मापाडीने तसंच केलं आणि त्याच्या पडद्यावर चाळीस आकडे उमटले. सुरुवातीला एकशे शहात्तर, एकशे एक्याऐंशी. मध्यावर एकशे अठरा. शेवटी त्रेसष्ट. आजोबांची उंची होती एकशे अडुसष्ट.

"आजोबा खरं बोलत होते," मयुरा म्हणाली आणि तिला रडू आवरेना. हे ऐकायला ते हवे होते.

संध्याकाळी सभेत तिने चाळीसही आकडे वाचले. निम्म्यावर कुजबुज थांबली. मग जयरामकाका म्हणाले, "दोन महिने जाळी बंद. म्हाताऱ्याचं तेव्हाच ऐकायला पाहिजे होतं."

परतताना मयुराने धक्क्यावरच्या मापपट्टीवर एकशे अडुसष्टपाशी खडूने रेघ ओढली. एवढी सुरमई पुन्हा कधी येईल, हे मापाडीला सांगता येईना. मयुरा बारा वर्षांची होती. तिला थांबता येणार होतं.