ताई रुजू झाली

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं म्हणावं.

मी विद्यापीठाच्या आस्थापना विभागात सत्तावीस वर्षं नोंदी ठेवते. कोण कधी लागलं, कोण कधी रजेवर गेलं, कोण कधी निवृत्त झालं. जे घडलं नाही ते लिहायची मला सवय नाही.

एकदाच लिहायचं टाळलं होतं... जे घडलं होतं ते.

माझी थोरली बहीण याच विभागात, माझ्या शेजारच्या टेबलावर होती. अकरा वर्षांपूर्वी तिला खोकल्याचं दुखणं जडलं. रजेवर गेली, ती परत आलीच नाही. मृत्यूचा दाखला फाइलला लागला, बाकीचे कागद जिकडचे तिकडे गेले. तिच्या सेवापुस्तकातली शेवटची ओळ मात्र मला लिहायची होती.

'मयत.'

तीन अक्षरं. पेन उघडलं, पण हात पुढे सरकेना. मी पुस्तक मिटलं आणि कपाटाच्या तळाशी ठेवून दिलं. शेवटची नोंद तशीच राहिली. 'रजेवर.'

कुणी विचारलं नाही. मलाही आतून बरं वाटायचं. रजेवरचं माणूस काय, आज ना उद्या येतंच.

यंदा नवीन सॉफ्टवेअर आलं. सगळी सेवापुस्तकं संगणकावर चढवायची होती. तो शुक्रवार होता, दुपारचे अडीच वाजले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत शेवटचं पुस्तक माझ्या हातात आलं.

ताईचं.

"आटपा हो," घड्याळबाई म्हणाल्या. आमच्याकडच्या कारकून. दर पाच मिनिटांनी मनगट बघतात, म्हणून हे नाव. "सोमवारी सुरू करायचंय. तुमच्या एका पुस्तकापायी सगळी वरात अडायची!"

मी नोंद भरली. पडद्यावर प्रश्न आला : 'रजेवरून परत रुजू होण्याची तारीख?'

रकाना रिकामा ठेवता येईना. लाल चौकट हलेना. 'मयत' तेव्हाही निवडता आलं असतं. म्हटलं, तूर्त काहीतरी टाकू, मागाहून दुरुस्त करू.

सोमवारची तारीख टाकली.

चौकट हिरवी झाली...

सोमवारी सकाळी हजेरी उघडली. दहा वाजून चार मिनिटं. ताईचं नाव. 'रुजू.'

मी हसले. मशीनला काय कळतंय! मग सहज शेजारच्या टेबलावर नजर गेली. तिथं तिची स्पंजाची डबी अजून तशीच आहे. पानं उलटताना ती त्यात बोट ओलं करायची. अकरा वर्षांत स्पंज वाळून बिस्किटासारखा कडक झाला होता.

तो ओला होता.

"काका, यात पाणी तुम्ही घातलंत?" मी शिपाईकाकांना विचारलं.

"मी? बाई, सकाळपासून माझ्याच घशात पाणी गेलं नाही!"

दुपारी सगळे जेवायला खाली गेले. मी एकटीच होते. पंखा बंद होता. खिडकी लावलेली.

आणि शेजारून... पान उलटल्याचा आवाज आला.

एक.

मग थांबून दुसरं.

संध्याकाळी पावणेसहाला माझ्या पडद्यावर रजेचा अर्ज आला. अर्जदार ताई. मंजुरी देणारी मी. कारणाच्या रकान्यात एवढंच होतं...

'चिमे, जाऊ दे.'

मला चिमे म्हणणारं माणूस जगात एकच होतं.

मी 'मंजूर' दाबलं. उत्तर आलं : 'रजा शिल्लक नाही.'

कुठून असणार? अकरा वर्षं मीच तिला रजेवर ठेवलं होतं. मायेपोटी तिची सगळी सुट्टी मीच खर्चून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. मृत्यूच्या दाखल्यावरची खरी तारीख वाचून दाखवली.

"ती चालणार नाही, मॅडम. माणूस सोमवारी रुजू झालंय. मरण्याची तारीख त्यानंतरचीच लागेल."

"अहो, म्हणजे मी तिला पुन्हा मारू?"

"आजची टाका ना. एका मिनिटाचं काम आहे."

मी 'मयत' निवडलं. आजची तारीख टाकली. बोट कळीवर ठेवलं, आणि शेजारच्या खुर्चीतून खोकला आला. कोरडा. दोनदा. शेवटच्या आठवड्यात यायचा तसा...

माझं बोट मागं आलं. अकरा वर्षांपूर्वी आलं होतं तसंच.

आई म्हणायची, गेलेल्याला हाक मारू नये. न जाणो, ऐकलं तर. मी कुठं हाक मारली होती? फक्त तारीख टाकली होती.

बुधवारी अर्ज आला. 'चिमे, थकले गं.'

गुरुवारी आला त्यात कारण वेगळं होतं.

'तुझ्याकडे शिल्लक आहे का?'

माझ्याकडे दोनशे बारा दिवस शिल्लक होते. मी उत्तर दिलं नाही. संगणक बंद करून घरी गेले.

शुक्रवारी खोली फार शांत वाटली. पान वाजलं नाही, अर्ज आला नाही. माझ्याशीही कुणी बोललं नाही. म्हटलं, महिनाअखेर आहे, कामात असतील.

सोमवारी घड्याळबाई कडाडल्या. "काय हो, शुक्रवारी कुठं दडी मारलीत? फोन तरी करायचा!"

"मी इथंच तर होते!"

"बाई, मी चहा ठेवून गेलो होतो," शिपाईकाका हळूच म्हणाले. "तसाच उचलला."

मी पडदा उघडला. ताईच्या नावापुढे शुक्रवारपासून 'रजेवर'. माझी शिल्लक दोनशे अकरा. 'परत रुजू होण्याची तारीख' हा रकाना रिकामा होता.

या वेळी रिकामा चालला.

मग मात्र मी डोळे मिटले आणि 'मयत' निवडून कळ दाबली. खोकला आला नाही. उत्तर आलं : 'कर्मचारी रजेवर आहे. रुजू झाल्यावरच बदल करता येईल.' खाली माझी शिल्लक दोनशे दहा झाली.

"घड्याळबाई, हे बघा ना..." मी वळून म्हटलं.

त्यांनी मनगट पाहिलं. माझ्या खुर्चीकडे पाहिलं. मग काकांना म्हणाल्या, "आत्ता तर होत्या. आता कुठं गेल्या?"

मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते.

त्याला दोन महिने झाले. विद्यापीठाच्या फाटकातून आत गेले की मी कुणाला दिसत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावते, ते "हॅलो, हॅलो" करून ठेवून देतात. शेजारचा स्पंज पुन्हा वाळलाय. ताई सुटली असावी. तेवढंच एक बरं.

घरी सगळं ठीक होतं. मुलगी बोलायची, भांडायची.

आज सकाळी तिला दोनदा हाक मारावी लागली.

म्हणून इथं लिहिते आहे. हे कुणी वाचलं असेल, तर खाली 'वाचलं' एवढं तरी लिहा...