तू कुणाचा रे?

"हलू नकोस! हललास की आणखी रुतशील."

जोलीन काठावरूनच ओरडली. खाली बाका नदीच्या काळ्या चिखलात एक उंचापुरा तरुण गुडघ्यापर्यंत रुतून उभा होता. एका हातात बूट, दुसऱ्यात मोबाइल... आणि चेहऱ्यावर असं हसू, जणू मुद्दामच थांबलाय.

"नाही हलत. पण संध्याकाळपर्यंत असाच उभा राहू?"

तिने गळाची काठी पुढे केली, जोर लावून ओढलं — आणि दोघंही धप्पकन चिखलात बसली. झाडावरच्या काकाकुव्यांनी एकच गिल्ला केला.

त्याचं नाव कॉर्बिन. वारलेली आजी ज्या गावाबद्दल सतत बोलायची, ते बघायला अ‍ॅडलेडहून आला होता. जोलीनने त्याला आगबोटींच्या काळातला पूल दाखवला. होडीसाठी साल सोलून नेलेलं जुनं झाडही दाखवलं. त्या व्रणाच्या कडेवरून त्याने हळूच बोटं फिरवली. तिला ते फार आवडलं.

मग तो साळसूदपणे म्हणाला, "नकाशात या नदीचं नाव काय आहे गं?"

"डार्लिंग."

"काय? पुन्हा म्हण ना."

"आम्ही इथले मूळचे बार्किंजी लोक तिला बाकाच म्हणतो!" जोलीनचे कान तापले.

'उद्या निघतो' म्हणणारा कॉर्बिन रोज 'उद्या'च म्हणत राहिला. पण या गावातला प्रत्येक मुलगा जोलीनचा भाऊ निघायचा — सख्खा, चुलत, नाहीतर मावस. त्यामुळे गावाची सगळी नाती तोंडपाठ असलेल्या डॉट मावशीच्या ओसरीवर हजेरी लावल्याशिवाय पुढे पाऊल टाकायची सोय नव्हती.

मावशीने चहा ओतला, निखाऱ्यावरची भाकरी मोडली आणि विचारलं, "तू कुणाचा रे?"

"आजीचं नाव एटी."

मावशीचा कप हवेतच थांबला. "एटी? माझ्या आईची बहीण एटी?"

जोलीनने कपाळावर हात मारला. संपलं. हासुद्धा भाऊच!

"मावशी, नीट आठव ना..."

"थांब गं. काय रे, आजी गायची का तुझी? आमची एटी गायला लागली की चर्च भरायचं."

कॉर्बिनने मान खाली घातली. "गायची... पण रिकामं व्हायचं. पाद्री प्रार्थना आवरती घ्यायचा."

मावशीने मांडीवर थाप मारली. "अगं बाई! म्हणजे ती दुसरी एटी! वरच्या गावाहून, ब्रूअरिनाहून आलेली, हॉटेलात स्वयंपाक करायची! लाव, तुझ्या आईला फोन लाव!"

फोनवर कॉर्बिनच्या आईनेही तेच सांगितलं — ब्रूअरिना, हॉटेल आणि ते गाणं.

"आमच्या रक्ताची नव्हे ती, थेंबभरही नाही," मावशी म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "पण आई आजारी होती तेव्हा मला तिनेच वाढवलं हो. बस, बाळा. भाकरी खा." डोळे पुसत ती आत गेली.

ओसरीवर दोघंच उरली.

"जोलीन... मला तू..."

"माहितीये."

"अजून बोललोच नाही!"

"मग बोल ना... पूर्ण बोल."

तो बोलला. अगदी हळू, अडखळत. जोलीनने त्याचा हात घट्ट धरला. ती उत्तर देणार, तेवढ्यात आतून हाक आली —

"मोठ्याने बोला की रे! म्हातारीचे कान गेलेत!"