करड्या पट्ट्या

हे खरंच घडलेलं आहे. माझ्याच बाबतीत. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं, मी कुणाला शपथ घालत नाही. एवढंच सांगते, मी पूर्ण शुद्धीत होते आणि नुकताच चहा प्यायले होते.

साल १९७७. माघातली संध्याकाळ. करकंबला एका ऊसवाल्या बागायतदाराच्या मुलीचं लग्न होतं आणि हळदीच्या मांडवात आमचा ऑर्केस्ट्रा होता.

आमचा म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, शिवपुत्रचा. तो गायचा. मी त्याची अक्का, महानंदा. नवऱ्याच्या घरून सोलापूरला परत आलेली. माहेरी मला एक कोपरा होता, ताट होतं, कुणी वाकडं बोलत नव्हतं. पण लोकांनी मान वर करून माझ्याकडं बघावं, अशी जागा एकच.

स्टेजवर, पेटीपाशी.

पेटी मी भजनात बघून बघून शिकले. उजवा हात सुरांचा, डावा भात्याचा. पण पेटीपुढं माईक ठेवला की सुराआधी भात्याचा श्वास ऐकू यायचा. आवाज वाढवला की कर्णा शिट्टी मारायचा. म्हणून शिवपुत्रनं मुंबईहून एक वापरलेला इलेक्ट्रिक ऑर्गन आणला. त्याची वायर सरळ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. भाता नाही, शिट्टी नाही.

आधी तो कुणाचा होता, ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही.

त्या ऑर्गनचं एक होतं. डावीकडच्या पहिल्या सप्तकाचा रंग वेगळा. पांढऱ्याच्या जागी करड्या पट्ट्या. त्या खर्जाच्या, डाव्या हातानं वाजवायच्या.

माझ्या डाव्या हाताला ते कुठलं ठाऊक? पहिले काही दिवस तो हवेतच भाता मारत होता. ईरप्पा, आमचा माईकवाला, म्हणायचा, "अक्का, डास मारताय व्हय?" शेवटी मी त्या हाताला पदर धरून मांडीवर बसायला शिकवलं.

आणि त्याच सुमारास शिवपुत्रला मल्लप्पाचं नाव कळलं. हुबळीचा वादक. दोन्ही हातांनी वाजवायचा.

शिवपुत्र वाईट नव्हता. जेवताना खाली बघत म्हणाला, "करकंबचं होऊ दे अक्का. मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय, हे परत आलेल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

करकंबला आम्ही पहिल्यांदाच मोठा स्पीकर नेला होता. लाकडी खोक्यात बसवलेला, परातीएवढा. ईरप्पानंच हट्ट धरला होता. कर्ण्यातून खर्ज येत नाही, नुसता पत्र्यासारखा पातळ आवाज येतो, असं त्याचं म्हणणं.

पहिलं गाणं सुरू झालं. मी उजव्या हातानं सूर धरला.

आणि माझ्या छातीत काहीतरी घुमलं...

खर्ज. भरदार, संथ, अगदी तालात. मांडवातली माणसं बोलायची थांबली. शिवपुत्र गाता गाता मागं वळून माझ्याकडं बघून हसला.

मी खाली बघितलं.

माझा डावा हात मांडीवर होता. मुठीत पदर होता.

करड्या पट्ट्या खाली जात होत्या...

एक. मग दोन सोडून तिसरी. मग पुन्हा पहिली. कुणीतरी शेजारी बसून, अजिबात घाई न करता वाजवावं, तशा.

ऑर्गनला समोरून फळी होती. पलीकडून कुणाला काही दिसत नव्हतं. जे दिसत होतं ते फक्त मला.

मी थांबले नाही. तुम्ही विचाराल, का नाही थांबलीस? भीती तर वाटत होतीच. पण मल्लप्पाची भीती त्याआधीपासून मुक्कामाला होती. तिनं हिला पुढं येऊ दिलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर शिवपुत्रनं माझ्या हातात स्वतः चहाची बशी दिली. "लपवून ठेवलं हुतंस की अक्का. कधी शिकलीस गं?"

"बघून बघून," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

हुबळीला निरोप गेला, येऊ नका म्हणून.

ईरप्पा वायरी गुंडाळत होता. त्यानं आपलं कौतुकानं म्हटलं, "आधीबी वाजवत असणार तुमी. कर्ण्यात कुटं ऐकू येतंय ते?"

मी तिथंच खुर्चीवर बसले.

खरंच की... त्याआधी आम्ही अक्कलकोटला वाजवलं होतं, बार्शीला वाजवलं होतं. सगळीकडं कर्णेच होते, आणि माझी नजर उजव्या हातावरून हलत नव्हती. म्हणजे हे करकंबला सुरू झालंच नव्हतं. कुणीतरी पहिल्या दिवसापासून माझ्या शेजारी बसून वाजवत होतं.

आमच्याकडं ते ऐकवणारा स्पीकर नव्हता, एवढंच.

त्या आठवड्यात एका दुपारी घरात मी एकटीच होते. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाटही थांबलेला, वीज गेली होती. मी ऑर्गनचं झाकण काढलं. वीज नसली की ऑर्गन मुका, पट्ट्यांचा फक्त लाकडी आवाज. मी उजव्या हातानं एक भजन वाजवायला घेतलं, आवाजाविना.

टक. टक. टक. माझ्या बोटांचा.

...टक.

डावीकडून.

मी हात काढला. डावीकडचाही थांबला. माझं ऐकत असल्यासारखा.

"कोण हाय?" मी विचारलं.

एकही पट्टी हलली नाही.

मग तेच मी कन्नडमध्ये विचारलं. "यारू?"

सगळ्यात खालची करडी पट्टी हळूच दबली... आणि दबलेलीच राहिली. मी उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत येऊन दारातूनच बघितलं.

अजून दबलेलीच.

जसं कुणी उत्तर द्यायला बोट वर केलंय आणि आपण त्याला 'बोल' म्हणायचं विसरलोय.

यानंतर मी काय केलं? वाजवत राहिले. माणूस कशालाही सरावतो. आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव होऊ लागलं, लोक माझ्या डाव्या हाताचं कौतुक करू लागले. मी तो हात पदराखाली लपवायची. झोप मात्र उडाली. एखाद्या दिवशी ते आलंच नाही तर? आणि कुणी फळीच्या अलीकडं आलं तर?

दुसरी गोष्ट आधी घडली. करमाळ्याला.

शाळेचं पटांगण, दिवेलागणीची वेळ. गाणं संपलं. तबला थांबला. शिवपुत्रनं हात जोडले, टाळ्या झाल्या.

खर्ज थांबला नाही...

त्याच चार सुरांची ओळ. पुन्हा. पुन्हा. टाळ्या विरल्या. पुढच्या रांगेतलं एक पोर हसलं. माझा उजवा हात तर मी कपाळावरचा घाम पुसायला वर नेला होता. सगळ्यांनी तो बघितला असणार.

शिवपुत्र वळला. माझ्याकडं चालत यायला लागला.

दोन पावलांत तो फळीच्या अलीकडं आला असता. त्याला मांडीवरचा हात दिसला असता, आणि माझी जागा गेली असती. कदाचित त्याहून जास्त काहीतरी गेलं असतं.

मी डावा हात उचलला आणि करड्या पट्ट्यांवर ठेवला.

पट्ट्यांवर नाही ठेवला गेला.

खाली बोटं होती.

गार नव्हती. कोमट होती, बारीक, टोकांना घट्टे पडलेली. माझ्या मनगटाला काचेची बांगडी लागली. माझ्या हातात तेव्हा बांगड्या नव्हत्या.

तो हात झटकला गेला नाही, रागावला नाही. क्षणभर तसाच राहिला. मग एकेक बोट माझ्या तळव्याखालून निघालं, करंगळी सगळ्यात शेवटी. बसमध्ये कुणी नुसतं जवळ येऊन उभं राहिलं की एखादी बाई मुकाट्यानं अंग चोरून उठते ना, तसं.

शिवपुत्र आला तेव्हा करड्या पट्ट्यांवर माझाच हात होता.

"काय झालं गं?"

"पट्टी अडकली," मी म्हटलं.

पुढच्या गाण्याला खर्ज आला नाही. मीच दोन बोटांनी कसाबसा धरला, बेसूर. नंतर रोज बसून शिकले. वर्षभरात बरा वाजवायला लागले. त्या हातासारखा नाही. शिवपुत्र कधी कधी म्हणायचा, करकंबला वाजवलंस तसं वाजव की. मी हसण्यावारी न्यायची. मल्लप्पा आला नाही. जागा माझीच राहिली, ऑर्केस्ट्रा बंद होईपर्यंत.

ते परत कधी आलं नाही.

ती कोण होती, माझ्याशेजारी का बसली, त्या दिवशी गाणं संपल्यावरही तिला काय वाजवायचं होतं, मला ठाऊक नाही. कुणी सांगेल अशी आशाही नाही.

पण अजूनही मध्येच कशात जीव लागत नाही. हातातलं काम ठेवून मी उगाच घरभर फिरते. एकच गोष्ट डोक्यात येते.

मी हात ठेवला आणि ती उठली.

उठून ती कुठं गेली असेल?




बाईला उठवलं की ती कुठंतरी जाते, असं सगळे धरून चालतात. मी एकदा नवऱ्याच्या घरून उठलेली आहे. मला माहीत आहे, जायला कुठं नसतं.